डोमाजी टेलरचा अर्धा इंच

सुई ओठांत धरून बोलतात. हातात कात्री असली तरी दोरा दातांनीच तोडतात. दुकानात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, खांद्यांकडे बघतात. नावं विसरतात, कंबर विसरत नाहीत. "दुपारी अडतीसवाले येऊन गेले," असा निरोप घरी देतात. टेप गळ्यातच असते. आंघोळीच्या वेळी त्यांच्या बायको कांताबाई ती काढून खुंटीला लावतात, नाहीतर तीही न्हाऊन निघते. रस्त्यात अनोळखी माणसाची पाठीमागची शिवण उसवलेली दिसली तर त्याच्या मागे मागे चालू लागतात. कोणालाही "उद्या या" म्हणत नाहीत. आणि कोणतंही माप घेतलं की मनातल्या मनात त्यात अर्धा इंच मिळवतात, मगच वहीत लिहितात.

डोमाजी मुनेश्वर, आर्णी. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान. शेजारी वर्षा राठोडचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. मध्ये टिनाची भिंत. वर्षानं यवतमाळला मराठीत एम. ए. केलं आणि गावी येऊन लोकांचे अर्ज भरायला लागली. दिवसभर टिनापलीकडून शिलाई मशीन आणि डोमाजी दोन्ही ऐकू यायचे. अर्ध्या इंचाचं कारण तिनं एकदा विचारलं होतं.

"सैल कपडा आत घेता येते," डोमाजी म्हणाले होते. "आखूड कपडा कोनाच्या बापाले वाढवता येत नाही."

वर्षाला ते पटलं होतं. मोठं वाक्य आहे, असंही वाटलं होतं. तो अर्धा इंच कुठवर जाईल हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी डोमाजी इस्त्री करत होते. तहसीलच्या एका कारकुनाची पँट होती. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, त्यावर पँट पसरली आणि चष्मा शोधू लागले. सापडला नाही. म्हणून चष्म्याशिवायच इस्त्री फिरवली. कोळशाची इस्त्री, चांगली तापलेली. गुडघ्यापाशी काहीतरी टणक लागलं. डोमाजींना वाटलं, चुणी आहे. त्यांनी जोर दिला.

पँट उचलली तेव्हा तिच्या गुडघ्याला डोळे आले होते.

कांताबाई घरून डबा घेऊन आल्या. त्यांनी पँटकडे बघितलं, पँटनं त्यांच्याकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आता हिले दिसन. तुमचं काय?"

तेवढ्यात हिरासिंग आले. हिरासिंग चव्हाण पाच किलोमीटरवरच्या बंजारा तांड्याचे नायक. उंच माणूस, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. तीस वर्षांपासून डोमाजींच्या हातची सफारी घालतात. सफारी म्हणजे चार खिशांचा सदरा आणि त्याच कापडाची पँट. आता ती फक्त हिरासिंग घालतात आणि फक्त डोमाजी शिवतात.

"जय भीम, टेलर."

"जय सेवालाल, नायक."

दोघांची ही जुनी रीत. प्रत्येकानं दुसऱ्याचा नमस्कार घालायचा.

"रविवारी माह्या पोरीचं, शीलाचं लगन. अंगात सफारी पाह्यजे."

"कालच कापली. भेटन."

"पोरं म्हनतेत, बाबा, यवतमायातून तयार कोट घ्या. मी म्हनलं, टेलर जिवंत असेपर्यंत तयार कपडा अंगाले लागू देनार नाही. सगळ्या तांड्यासमोर म्हनलं. आता माही लाज तुह्या हातात." मग ते जरा वाकले. "डोये बारीक करून काहून पाह्यतं बे?"

"ऊन हाये."

"दुकानात?"

"येते कधी कधी."

हिरासिंग गेले. डोमाजींनी सुई ओठांतून काढली, समोर धरली, जवळ नेली, लांब नेली. सुई होती, नेढं नव्हतं.

पस्तीस वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला "उद्या" म्हटलं नव्हतं. जिल्ह्यात टेलर पुष्कळ, पण तो शब्द न वापरणारा हा एकच. तेच त्यांचं दुकान, तीच पाटी. आणि लग्नाच्या कपड्याला तर उद्या नसतोच. सोमवारी शिवून मिळालेल्या सफारीत रविवारच्या मांडवात कोणी उभं राहू शकत नाही.

गावातल्या चष्मेवाल्याच्या शटरला कागद होता: लेकीच्या बाळंतपणासाठी पुसदला गेलो आहे. यवतमाळला फोन केला तर आठ दिवस लागतील म्हणाले. दुपारी कांताबाई आपला फोन घेऊन वर्षाच्या दुकानात आल्या. मागून डोमाजी आले, वाटेतल्या दोन सायकलींना धडकत.

"हे पाह्य व," कांताबाई म्हणाल्या. "घरबसल्या चष्मा. चार दिवसांत येते. स्वस्त हाये, अन् एकावर एक फुकट."

"चष्मा काय एकावर एक घालाचा हाये का?" डोमाजी म्हणाले.

"एक इस्त्रीखाली ठेवाले."

वर्षानं फॉर्म उघडला. नेत्रशिबिराची चिठ्ठी होती, नंबर तिच्यावर होता. उजवा डोळा, डावा डोळा, सगळे चौकोन भरले. फ्रेमचा रंग डोमाजींनी सफारीच्या कापडाला जुळता बिस्किटी सांगितला. मग आकार आला: लहान, मध्यम, मोठा.

"मोठा," डोमाजी म्हणाले.

"काका, तुमचा चेहरा लहान हाये."

"धुतल्यावर आटते."

"चष्मा नाही आटत."

"पह्यल्या धुलाईपर्यंत सगळे असंच म्हनतेत."

वर्षानं मोठा लिहिला. एक चौकोन उरला. दोन बुबुळांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ते चिठ्ठीवर नव्हतं. खाली सूचना होती, एटीएम कार्ड कपाळावर धरून फोटो काढा, माप आम्ही काढतो. वर्षानं आपलं कार्ड काढलं आणि डोमाजींच्या कपाळाला लावलं.

डोमाजींनी ते शांतपणे काढून तिच्या हातात ठेवलं. "मी मानूस हाओ का पाकीट, तिकीट चिकटवाले?"

"माप पाह्यजे, काका."

"माप म्हनजे कोनाचं काम हाये?"

ते आपल्या दुकानात गेले. ट्रायलच्या आरशासमोर उभे राहिले, टेप नाकावर आडवी धरली. आकडा त्यांना दिसेना, म्हणून कांताबाईंनी वाचला. टिनाच्या या बाजूला झेरॉक्स मशीन चालू होतं, वर्षाला काही ऐकू आलं नाही. डोमाजींनी मान डोलावली, पावतीच्या पाठीवर आकडा लिहिला आणि चिठ्ठी आणून दिली.

चौऱ्याहत्तर.

वर्षानं तो तसाच भरला.

पुढचे चार दिवस डोमाजींनी बोटांनी शिवलं. लांब शिवणी हाताला कळतात. खांदा खांद्याला लागला, बाही बाहीच्या जागी बसली. काज, बटणं आणि खिशांची झाकणं मात्र डोळ्यांशिवाय होत नाहीत. ती चष्म्याची वाट बघत राहिली. डोमाजी दर तासाला टिनावर बोटानं टकटक करायचे. वर्षा फोनवर बघून सांगायची, "नागपूरले आला." मग, "यवतमायले आला." डोमाजी म्हणायचे, "त्याले म्हना, लवकर चाल."

शुक्रवारी दुपारी पार्सलवाला आला. दोन डब्या. डोमाजींनी हात धुतले, एक चष्मा चढवला. काड्या कानांपर्यंत पोचण्याआधी बराच वेळ हवेतून चालत होत्या. काचा गालांच्याही बाहेर गेल्या होत्या. कांताबाई म्हणाल्या, "ट्रॅक्टरचे दिवे."

डोमाजींनी सुई समोर धरली.

"सुया दोन दिसून राह्यल्या."

"एकावर एक फुकट," कांताबाई म्हणाल्या.

त्यांनी उजव्या सुईत दोरा ओवला. डावी खरी निघाली. डावीत ओवायला गेले तर दोरे दोन झाले. दुसरा चष्मा लावून बघितला, तोही तसाच. पण डोमाजी हट्टाला पेटले होते. त्यांनी एक डोळा मिटून सुई ओवली, तो फार वेळ मिटून राहीना म्हणून दोन्ही उघडून बटण लावायला घेतलं आणि ते छान, सहा टाक्यांचं, गाठ मारून लावलं. मग दोरा दातांनी तोडला आणि पाणी प्यायला उठले. सफारीही उठली. बटण हिरासिंगच्या सदऱ्यातून आरपार जाऊन डोमाजींच्या स्वतःच्या बाहीला बसलं होतं.

ते तसेच, सफारी हाताला लोंबकळत, वर्षाच्या दुकानात आले.

"कंपनीनं फसवलं."

वर्षानं ऑर्डर उघडली. नंबर बरोबर, रंग बरोबर. मग तिची नजर त्या चौकोनावर गेली. तिनं इंटरनेटवर शोधून बघितलं. मोठ्या माणसाचं हे अंतर बहुधा साठ ते पासष्ट असतं, असं तिथे लिहिलं होतं.

"काका, त्या दिवशी माप किती निघालतं?"

"बासष्ट."

"मंग चिठ्ठीवर चौऱ्याहत्तर काहून?"

डोमाजींनी तिच्याकडे, म्हणजे तिच्या दोघींपैकी एकीकडे, दयेनं पाहिलं. "बासष्ट अन् बारा. अर्धा इंच सोडला."

वर्षानं टेबलावरची फूटपट्टी उचलून बघितली.

"बारापेक्षा थोडा जास्त होते," डोमाजी म्हणाले. "वरचं सोडून देल्लं. इतकं बारीक कोन पाह्यते."

"डोळ्यांत अर्धा इंच?"

"पुढं मानूस सुटते. पोट सुटते, मान सुटते. आपन शिवनीत सोडतो तशी माया ठेवलेली बरी."

"डोळे सुटत नाहीत, काका."

"तुह्या वयात नाही सुटत."

वर्षा स्टुलावर बसली. साहित्याच्या दोन वर्षांत तिनं बरंच काही वाचलं होतं. यासाठी त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. तिनं हळू आवाजात सांगितलं की काचांचे मध्य दोन बाजूंना पळाले आहेत, म्हणून एकाचे दोन दिसतात. बदलून मिळेल, पण आठ दिवस लागतील.

"लगन परवा हाये," कांताबाई म्हणाल्या.

डोमाजी बाहीला लटकलेल्या सफारीकडे बघत राहिले. सात काजं, सात बटणं, चार झाकणं. वर्षाला वाटलं, आता तो शब्द निघणार. पस्तीस वर्षांनी, तिच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिनं मान खाली घातली.

"म्हनजे," डोमाजी म्हणाले, "चष्मा सैल हाये."

"सैल नाही, काका, त्याचं—"

"बारा मिलिमीटरनं सैल हाये का नाही?"

"तसं म्हनलं तर हाये."

"मंग रडून काहून राह्यल्या? सैल हाये तर आत घेता येते."

शनिवारी सकाळी त्यांनी चष्मा आत घेतला.

आधी खडूनं नाकावरच्या दांडीवर दोन खुणा केल्या. मध्ये बारा मिलिमीटर. सायकलवाल्याकडून करवतीचं पातं आणलं. पहिल्या चष्म्याची दांडी अर्धी कापली गेली तोच फ्रेम तडकली आणि एक काच उडून गल्लीत गेली. एका शेळीनं ती हुंगली आणि सोडून दिली.

"ट्रायल," डोमाजी म्हणाले. "ट्रायलशिवाय फिटिंग येत नाही."

दुसरा चष्मा त्यांनी हळू कापला. दांडीतला मधला तुकडा काढला. तो कांताबाईंनी उचलून कपाटात ठेवला. अर्धा इंच वाया घालवायचा नसतो. दाभण तापवून दोन्ही तोंडांना भोकं पाडली. बटणाचा जाड दोरा मेणातून ओढला आणि दोन भाग जवळ आणून शिवले. नुसते शिवले नाहीत, वरून काजाचा टाका घातला, एकाला एक लागून, कॉलेजच्या मुलींच्या ब्लाउजला घालतात तसा. वर्षा दुकान उघडं टाकून बघत उभी होती. चष्म्याला काज तिनं पहिल्यांदाच पाहिलं. इतकं सुबक होतं की हसायची सोय नव्हती.

डोमाजींनी तो चढवला. आधी तो नाकावर बसेना, कारण नाक आत घेतलेलं नव्हतं. त्यांनी दाबला. बसला. दोन्ही नाकपुड्या मिटल्या.

"एक सुई," ते म्हणाले.

आवाज ओळखीचा नव्हता. एखाद्यानं मडक्यात तोंड घालून बोलावं तसा आला.

"श्वास कुठून घेता?" कांताबाईंनी विचारलं.

डोमाजींनी तोंडाकडे बोट दाखवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की सुई ओठांत धरता येणार नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सुई पिनकुशनला टोचली.

दिवसभर शिवलं. काजं झाली, बटणं झाली, या वेळी ज्याची त्याला. मधूनच त्यांचा चेहरा आक्रसायचा, डोळे मिटायचे, मान मागे जायची. शिंक यायची, पण चिमटलेल्या नाकाशी येऊन परत जायची. दुपारपर्यंत अशा सहा शिंका परत गेल्या. कांताबाई म्हणाल्या, "जमा होऊन राह्यल्या."

संध्याकाळी सफारी तयार झाली. राहिली फक्त पँटच्या पायांची तुरपाई. ती डोमाजी दुकानात करत नाहीत. माणूस स्वतःच्या बुटात उभा राहिल्याशिवाय पायाची लांबी ठरत नाही, हा त्यांचा नियम. पण हिरासिंगना हळद सोडून येता येईना. तसा निरोप आला.

"सांग त्यायले," डोमाजी मडक्यातून म्हणाले, "सकाळी मीच येतो."

रविवारी सकाळी वर्षाच्या स्कुटीवर मागे बसून डोमाजी तांड्यावर गेले. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली सफारी, नाकावर शिवलेला चष्मा. मांडवात हिरासिंग बनियनवर फिरत होते आणि सगळ्यांवर ओरडत होते. डोमाजींना पाहून थांबले.

"जय भीम, टेलर. नाकाले काय बांधलं बे?"

"जय सेवालाल, नायक. घाला."

हिरासिंगनी सफारी घातली. खांदे बसले. कॉलर बसली. पोटावर बटण लागलं आणि वर अर्धा इंच उरला. हिरासिंगनी त्यात बोट घालून बघितलं आणि समाधानानं हसले. "जेवनाची सोय केली तू."

"बूट घाला. खुर्चीवर उभे राहा."

नवे बूट घालून नायक प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभे राहिले. तांडा गोळा झाला. डोमाजींनी उजवा पाय दुमडला, खडू मारला, तुरपाई केली. टाका दिसत नव्हता, असा टाका. मग डावा घेतला. दूर कुठेतरी बँड ऐकू यायला लागला.

"वरात आली," कोणीतरी म्हणालं.

"आटप, टेलर," हिरासिंग म्हणाले. "व्याही दारात अन् मी खुर्चीवर. त्यायले वाटन पुतळा बसवला."

"हालू नका. चार टाके."

बँडमागून वरातीची गाडी होती, गाडीमागून धूळ होती. धूळ मांडवात शिरली. डोमाजींचा चेहरा आक्रसला. मान मागे गेली. वर्षानं ते पाहिलं आणि तिला कालचं कांताबाईंचं वाक्य आठवलं. जमा होऊन राह्यल्या.

सगळ्या एकदम आल्या.

शिंकेचा आवाज बँडला ऐकू गेला. ढोलवाला एक ठोका चुकला. काजाचा टाका हलला नाही, दोराही तुटला नाही. पण त्याच्या शेजारची दांडीच गेली, आणि चष्म्याचे दोन भाग दोन कानांना दोन दिशांनी लटकले. हिरासिंग दचकून खुर्चीवरून उतरले आणि दाराकडे धावले. डाव्या पायाला दोरा होता. दोऱ्याला सुई होती.

"नायक, सुई," डोमाजी ओरडले. आवाज आता मोकळा होता, पण बँड मोठा होता.

ते मागे निघाले. अर्धा चष्मा उजव्या डोळ्यासमोर हातानं धरलेला, कमरेत वाकलेले, नजर नायकांच्या डाव्या पायावर. हिरासिंग व्याह्यांना भेटले, सुई हलली. हिरासिंग पाहुण्यांना बसवायला गेले, सुई गेली, मागे डोमाजी गेले. रस्त्यात अनोळखी माणसाच्या उसवलेल्या शिवणीमागे जात तसेच, पण आता अख्ख्या वरातीसमोर. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी पाहिलं की एक वयस्कर गृहस्थ वाकून पायांशी येत आहेत. ते ओशाळले. त्यांनी डोमाजींना दोन्ही खांदे धरून उठवलं, मिठी मारली आणि स्वतःच्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला, टेपच्या वर.

"मोठे भाऊ का?" त्यांनी हिरासिंगना विचारलं.

"टेलर हाये," हिरासिंग म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मोठाच हाये."

जेवणाच्या पंगतीत डोमाजी पुन्हा टेबलाखाली गेले. हिरासिंगनी ताट सोडून वाकून बघितलं.

"टेलर, बाहेर ये. जेव. उद्या कर."

"तो शब्द माह्या दुकानात नाही."

"दुकान आर्नीत हाये. हा तांडा हाये. अन् उद्या मी म्हनून राह्यलो, तू नाही."

डोमाजींनी टेबलाखाली बसून यावर विचार केला. मग बाहेर आले आणि जेवायला बसले. वर्षानं त्यांना वाढलं. ते समोरच्या पुरीकडे बघत होते, एका काचेतून. एकच होती. त्यांनी दुसरी मागितली.

नवीन चष्म्याची ऑर्डर वर्षानं सोमवारीच टाकली. बासष्टचा आकडा तिनं कांताबाईंना विचारून स्वतः भरला आणि डोमाजींच्या कानामागचा पेन तेवढा वेळ आपल्या गल्ल्यात ठेवला. फ्रेम मध्यम घेतली. डोमाजी आता तीच घालतात आणि सगळ्यांना सांगतात की धुतल्यावर ती कशी आटते ते पाहा.

हिरासिंग त्यानंतर तीनदा दुकानात आले, तिन्ही वेळा त्याच पँटमध्ये. एकदा चष्मा यायचा होता, एकदा त्यांना यवतमाळची बस गाठायची होती, आणि एकदा दोघं बोलत बसले. डाव्या पायाचे चार टाके अजून राहिले आहेत. सुई तिथेच लटकते. हिरासिंग ती कोणाला काढू देत नाहीत.